दुमड घातलेली फुलपँट

नातवाची पहिली फुलपँट शिवून आली आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात गेला. माझं मन झर्रकन मागे गेलं.

तीसेक वर्षांपूर्वी सिल्वासाच्या कोर्टात मी वकिली करायचे. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याच्या आरोपाखालचा एक पोरगा माझा अशील होता. जन्माचा दाखला नव्हता. वय न्यायाधीश नजरेनंच ठरवणार होते; लहान वाटला तर बालगृह, नाहीतर मोठ्यांचा तुरुंग. "हाफचड्डीतच येऊ दे," मी त्याच्या आईला बजावलं होतं.

पण धुळ्याहून इथल्या आमलीच्या कारखान्यांच्या वस्तीत पोट भरायला आलेल्या त्या बाईला उघड्या पायांचा मुलगा कोर्टात कसा चालेल? तिनं कोठडीत नवी फुलपँट धाडली.

"साहेब, हेच का ते बाळ?" सरकारी वकील म्हणाले. सगळे हसले. कौतुक चाललंय असं वाटून पोरगाही हसला.

"साहेब, पायाशी दुमड बघा," मी ओरडले. "वाढत्या अंगाचा म्हणून आईनं ठेवलीय!"

न्यायाधीशांनी खाली पाहिलंच नाही. त्याला मोठ्यांच्या तुरुंगात धाडलं.

दारात आई म्हणाली, "ताई, मना पोऱ्या कसा साहेबसारखा दिसस!"

तो सुटला तेव्हा अंगावर तीच पँट होती. दुमड पार उसवलेली, तरी घोट्याच्या वर आलेली.