पहिली पट्टी साध्या पाण्यात

रामटेके बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी राजुऱ्याच्या बसस्टँडवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. त्यांच्या भावाचा फोन होता, दोनच वाक्यांचा. हातातला गठ्ठा संपवला आणि मग निघाले. कुणाला हे निर्दय वाटलं तर वाटो. बाईंकडे मी रडायला कधी गेले नव्हते, भांडायला जायचे... बाई गेल्याला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल पुष्कळ गोड बोललं गेलं. शांत होत्या, मृदू होत्या, असं. बाई शांत मुळीच नव्हत्या. एवढं तरी कुणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आमची ओळख एका छापखान्यात झाली. मी पत्रकाचं प्रूफ पाहायला गेले होते आणि कॉलेजातून निवृत्त झालेल्या ह्या रसायनशास्त्राच्या बाई तिथे लग्नपत्रिका छापायच्या जाळीतून प्लास्टिकच्या पत्र्यावर काळी कार्बनची शाई ओढायला शिकत होत्या. त्यांनी माझं प्रूफ न विचारता उचललं. "'जनतेच्या नरड्यात विष'... किती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "किती म्हणजे?" "आकडा कुठी आहे?" मी म्हटलं, "आकडे सरकारकडे असतात बाई, आमच्याकडे राग असतो." त्यावर त्या हसल्या नाहीत. "मंग ये माझ्याकडे. राग तुहा, आकडा माझा."

ती काळी शाई कशासाठी होती ते सांगते. शुगर तपासायची मशीन सगळ्यांनी पाहिली आहे. बोटाचा थेंब पट्टीला लावला की आकडा येतो. त्या पट्टीवर एन्झाइम असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. बाईंची पट्टी त्याच घराण्यातली. पण तिच्यावरचं एन्झाइम कापसावर फवारायच्या काही औषधांनी बंद पडतं. पट्टी पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, मग एन्झाइमला त्याचं खाद्य द्यायचं. ते काम करू लागलं तर हातातल्या यंत्रावर करंट दिसतो. पाण्यात औषध असेल तर करंट पडतो. जितका करंट कमी, तितकं विष जास्त. एन्झाइम नागपूरहून बर्फात यायचं आणि बर्फातच राहायचं. बाईंचा नियम एकच होता. पहिली पट्टी साध्या पाण्यात, उकळून गार केलेल्या. मग विहिरीत.

कोरपन्याकडच्या एका वस्तीत लोकांना विहिरीच्या पाण्याला वास येत होता. विहिरीला लागून मारोतभाऊंचा कापूस, आणि ते फवारणीचा पंप तिथेच धुवायचे. बाईंनी मला चार पट्ट्या दिल्या, थर्मासात. मी आधी तालुक्याला सभेला गेले. थर्मासातला बर्फ संपला होता, तो पुन्हा भरायचा सोडून मी पट्ट्यांचं पाकीट स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि अश्विनातल्या उन्हात अर्धा दिवस भाषणं ऐकली. संध्याकाळी वस्तीवर पोचले. चारच पट्ट्या होत्या, त्यातली एक साध्या पाण्यावर घालवायची माझ्या जिवावर आली. तीन पट्ट्या विहिरीच्या पाण्यात घातल्या, चौथी दुसऱ्या विहिरीसाठी राखली. तिन्हींचा करंट जवळपास शून्य. मला धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी पत्रक घरोघरी होतं. 'पंपाचं विष तुमच्या घागरीत.' नाव लिहिलं नव्हतं, पण पंप कोण धुतो ते वस्तीला माहीत होतं. बाया नाल्यापलीकडच्या हातपंपावर जाऊ लागल्या. मारोतभाऊंचा कापूस वेचायला कुणी येईना, त्यांच्या बायकोशी कुणी बोलेना. तीन-चार दिवसांनी मी बाईंना फोन करून मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिली पट्टी कशात बुडवली?" "विहिरीत." "पट्ट्या कुठी होत्या?" "डिकीत." मग म्हणाल्या, "काऊन वं, छापून मोकळी झाली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या. विहिरीवर सगळ्यांना बोलावलं. नवी पट्टी घरून आणलेल्या उकळलेल्या पाण्यात घातली, यंत्रावर भरपूर करंट. दुसरी नवी पट्टी विहिरीत, तेवढाच करंट. मग माझी उरलेली चौथी पट्टी मागून घेतली आणि ती आपल्या घरच्या पाण्यात बुडवली. शून्य. "हे पट्टी म्हणते का माझ्या चुलीवरच्या पान्यात बी जहर आहे," बाई म्हणाल्या. "जहर नाई, पट्टी मेली. उन्हानं." एक म्हातारे बुवा खाली बसल्या जागेवरून बोलले, "मंजे बाई, मेली पट्टी अन् जहरी पानी, दोघाचं तोंड एकच दिसते." "एकच दिसते बुवा, म्हनून तं पहिले साध्या पान्यात पाहा लागते. या जातीचं औषध इथी नाई, एवढंच मी सांगू शकतो. वासाचं मले माहीत नाई."

मारोतभाऊ इतका वेळ विहिरीच्या काठावर बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाईंना म्हणाले, "कागद घरोघरी गेला, बाई. तुम्ही इथी एकल्याच बोलून राह्यल्या."

राजुऱ्याला परत येईपर्यंत मी भांडत राहिले. माझं म्हणणं, चुकीची कबुली छापली तर औषधवाले ती फ्रेम करून दुकानात लावतील, उद्या खरं विष सापडलं तरी आम्हाला कुणी विचारणार नाही. आमच्या संघटनेतल्या दोघांचंही हेच म्हणणं होतं. बाईंनी वाद घातलाच नाही. "त्याच छापखान्यात छाप. तितकेच कागद. अन् तूच वाट." मी वाटले. 'आमची चूक झाली' या शब्दांनी सुरू होणारं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक. मारोतभाऊंचं घर मी शेवटी ठेवलं होतं. त्यांच्या मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊंनी विचारलं, "पन पंप तिथी धुतो ते बरं का वाईट?" वाईटच, मी म्हटलं. "मंग पहिल्या कागदात तेवढंच लिहा लागत होतं ना, ताई." पुढे ते पंप बांधाच्या पार टोकाला धुऊ लागले.

गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. वरच्या शेतातलं फवारणीचं पाणी पावसाने वाहून विहिरीत आलं होतं. प्यावं का? भावाकडून किल्ली घेऊन मी बाईंच्या घरी गेले. मागच्या खोलीत त्यांचा जुना फ्रिज आहे, वरच्या कप्प्यात पट्ट्या, खाली भाजी, असा त्यांनी चालवलेला. भाजी कुणीतरी काढून नेली होती. पट्ट्यांचं एक पाकीट होतं. पण घर बंद करताना भावाने मेन स्विच पाडला होता. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. मी पाणी उकळलं, गार होईपर्यंत त्या खोलीत बसले, एक पट्टी बुडवली. करंट नाही. दुसरी. नाही.

मारोतभाऊंना फोन केला. म्हटलं, "भाऊ, पट्ट्या मेल्या. पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही." पलीकडे ते कुणाशी तरी बोलले, मग म्हणाले, "बाईचं शिकेल मानूस माहीत नाई म्हनते, मंजे खरंच माहीत नाई. आम्ही हातपंपावरून आनतो तोवर." त्याच दिवशी विहिरीचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याला दिलं आहे. अहवाल अजून आलेला नाही. वस्ती अजून नाल्यापलीकडे जाते.

बाईंच्या दोन विद्यार्थिनी पट्ट्या करून पाहताहेत. पहिला घाणा फसला. पुढच्यासाठी नागपूरहून एन्झाइम यायचं आहे. ते ठेवायला गार जागा लागेल, म्हणून त्या दिवशी बाईंच्या घरून निघताना मी मेन स्विच वर केला. फ्रिज आधी थरथरला, मग घुरघुरत सुरू झाला. आत काहीच नव्हतं. दार नीट लागलंय का ते दोनदा पाहिलं आणि किल्ली भावाकडे दिली.