आरशासारखं हेड

आमच्या गल्लीत सगळे त्याला करंगळीमास्तर म्हणतात. इंजिनाच्या वर जे धातूचं हेड बसतं, त्यातल्या हवेच्या वाटा तो आतून घासून मोठ्या करतो. इंजिन मोकळा श्वास घेतं, गाडी पळते. आत नजर पोचत नाही, म्हणून करंगळी घालून चाचपतो. ग्राइंडरच्या किरकिरीने कान गेलेत. त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि तेवढी तसदी घेतो कोण? दुकानामागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह. बायको कधीच गेली.

धाकटा भाऊ पूर्वी त्याच्याच टेबलावर काम करायचा. मग त्याने पलीकडच्या रस्त्यावर याच कामाचं मशीन टाकलं, पोरं ठेवली. दुपारी तिथे सगळे एकत्र डबे उघडतात. एक दिवस तो दारात आला.

"दादा, एक हेड झकास करून दे. मशीन त्याची नक्कल करेल. जमलं तर हे बंद कर, माझ्याकडेच ये. इथे काय भिंतींशी गप्पा मारतोस?"

"भिंती उलट बोलत नाहीत," मास्तर म्हणाला. पण लगेच कामाला लागला.

पेट्रोल आत येतं ती वाट जरा खरखरीत हवी, गुळगुळीत केली की पेट्रोल हवेत न मिसळता कडेला चिकटतं, हे तो जन्मभर गिऱ्हाइकांवर डाफरून सांगत आला. या खेपेला त्यानेच ती वाट घासघासून आरसा केली. त्या पोरांनी वाहवा करावी, एवढीच हाव.

हेड पोचवायला मी सोबत गेलो. पोरांनी वाहवा केलीही. मग हेड बसवून गाडी सुरू केली, तर ती ठसकायला लागली. मास्तरला ऐकू येईना. त्याने मोटरसायकलच्या टाकीवर तळहात ठेवला, ठसके हाताला लागले आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, आत आरसा कुणासाठी केलास?" भावाला ओरडूनच विचारावं लागलं. सगळ्यांनी ऐकलं.

"उद्या खरखरीत करून देतो."

"राहू दे. माझ्या गाडीला तुझंच जुनं हेड आहे. त्याचीच नक्कल करतो."

भावाला चार शब्द सुनावायला माझी जीभ शिवशिवत होती. पण त्याचं चुकलं काय होतं?

डबे उघडले. पोरांनी सरकून जागा केली. भाऊ म्हणाला, "बस ना, दोन घास खाऊन जा."

"दुकान उघडं टाकून आलोय," मास्तर म्हणाला आणि निघाला.

कुलूप लावून त्याने ते दोनदा ओढून पाहिलं होतं, माझ्यासमोर.