गुरुजी पळून जाऊ नयेत म्हणून

गवतातून चालून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात. किती झटकली तरी दोन-चार राहतातच, आन् निवांत बसलं की टोचतात. किस्स्यांचं तसंच हाय. आता त्या बहात्तरच्या दुष्काळात गवताची काडीसुद्धा उगवली नव्हती, तरी किस्से मात्र लुगडंभर चिकटले!

परवा माझी नातसून सांगत होती. ती शाळेत शिकवती. म्हणाली, "आजी, आता मास्तरांच्या मनाला टेन्शन येऊ नये म्हणून ट्रेनिंग असतं. त्यांच्याशी बोलायला डॉक्टर असतो."

मी म्हणलं, "चांगलं हाय की! आमच्या कॅम्पात डॉक्टर नव्हता. आमच्याकडं द्रुपदामावशी होती."

आमी साखऱ्याकडची माणसं. विहिरी आटल्या तशा घराला कड्या घातल्या आन् वारंगा फाट्याच्या अलीकडं सरकारनं तलावाचं काम काढलं होतं, तिथं गेलो. चार-सहा गावची माणसं. तट्ट्याची खोपटं, खोपटाला खोपट लागून. द्रुपदामावशी धनगराची, आमी बौद्ध. गावात आमची घरं दोन टोकांना. कॅम्पात मात्र तिला शिंक आली की माझा दिवा हलायचा!

लेकरांसाठी शाळा होती. शाळा म्हणजे चार बांबू आन् वर ताडपत्री. मी कामावरच्या माणसांना पाणी पाजायचे, त्यामुळं सगळीकडं माझा पाय. जे सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

०

पहिले गुरुजी सकाळच्या एसटीनं आले. पांढरं धोतर, चिमटीत वर धरलेलं. मावशीला विचारलं, "शाळा कुठं आहे?"

मावशी म्हणाली, "तुमी उभे हाव, तीच."

गुरुजींनी वर बघितलं. ताडपत्री. खाली बघितलं. मुरूम. मग हळूच विचारलं, "आणि मुलं?"

मावशीनं तलावाच्या पाळूकडं, मातीच्या बांधाकडं, बोट केलं. डोक्यावर मातीच्या टोपल्या घेतलेली लेकरांची रांग. "ते काय, येऊन राहिलेत!"

गुरुजींनी बिचाऱ्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला तर गुरुजी एसटीत! खिडकीतून मला हात जोडून राहिले.

मावशी म्हणाली, "जाऊ दे. पाणी तरी वाचलं!"

०

दुसरे आले ते सोनवणे गुरुजी. वसमतचे. नुकतं मिसरूड फुटलेलं, हातात लोखंडी ट्रंक. हे मात्र राहिले. पाळूजवळच्या खोपटात.

आमचे मुकादम इब्राहिमभाई. त्यांनी सगळ्या बायांना गोळा करून सांगितलं, "देखो, ये मास्तर बी भागा तो इस्कूल बंद समझो. साब ने साफ बोल दिया, तिसरा मास्तर नहीं मिलता. फिर बच्चे दिनभर टोपली उठाएंगे."

आत्ता कसं, लेकरं पहाटे दोन-चार खेपा टाकायची आन् मग शाळेत बसायची. शाळा गेली की दिवसभर माती. म्हणून गुरुजी टिकायला पाहिजे होते.

पहिले काही दिवस गुरुजींचा आवाज पार पाळूच्या त्या टोकाला ऐकू यायचा. मग बारीक झाला. मग बंदच झाला. आमी धाडलेलं ताट झाकलेलं तसंच. एक दिवस मी विचारलं, "काहून हो गुरुजी? भाकर गोड लागून न्हाई राहिली का?"

"गयाबाई, पोरं फळ्याकडं बघता बघता बसल्या जागी झोपतात. मी शिकवतो कुणाला? रात्री डोळा लागला की तीच पोरं दिसतात, टोपल्या घेऊन."

मी हे मावशीला सांगितलं. तिनं लांबून गुरुजींना निरखलं, आजारी शेळी निरखतात तसं. म्हणाली, "ह्याला बाहेरची बाधा न्हाई. आतून लागलंय. लिंबू उतरून जायचं न्हाई हे."

"मग?"

"ड्युटी लावायची!" हा शब्द तिनं मुकादमाकडून उचलला होता. "रोज सांजच्याला एकानं जायचं, गुरुजीजवळ बसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं. एकटं सोडायचं न्हाई."

०

पहिली ड्युटी कौसाची. कौसा म्हणजे आमच्या शेजारची, एकुलत्या लेकीला घेऊन कामावर आलेली. गेली, आन् परत आली ती डोळे पुसत.

"काय म्हणले गुरुजी?"

"काय म्हणतील? मीच सुरू झाले! नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला, ते सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं गं त्याह्यनं. लई चांगला माणूस!"

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाई गेले. बायकोच्या स्वभावाची तकलीफ घंटाभर सांगून आले. तिसऱ्या दिवशी मी गेले. माझंबी तेच झालं, खोटं कशाला बोलू!

मावशी भडकली. "त्याचं ऐकायला धाडलं व्हतं, का आपलं ओतायला? थांबा, मीच जाते!"

गेली. आली तेव्हा नाक लाल!

पुढं तर ज्याची ड्युटी न्हाई तेबी जायला लागले. एक दिवस गुरुजींनी मला हाक मारली. मला वाटलं, झालं, आता पळतात.

"गयाबाई, लोकांना सांगा, एकेकानं या. काल तिघं एकदम आले. कुणाचं आधी ऐकू?"

मी ताटाकडं बघितलं. ताट रिकामं होतं.

०

तरी सकाळी गुरुजी लवकर उठायचे न्हाईत. तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहायचे. मावशीनं आपली एक शेळी नेली आन् गुरुजींच्या दाराशी बांधली.

गुरुजी म्हणाले, "मावशी, मला शेळीतलं काही कळत नाही."

"तिला तरी शाळेतलं कुठं कळतंय? राहाल दोघं बराबर!"

मला मागून म्हणाली, "सकाळी आपल्या नावानं कुणीतरी बोंबलायला पाहिजे गं. त्याबिगर माणसाला उठावं वाटत न्हाई."

शेळी उजाडायच्या आत बोंबलायची. गुरुजी उठायचे, कडूनिंबाचा पाला शोधत फिरायचे. फिरताना चार माणसं भेटायची, रामराम, जयभीम व्हायचा. माणसाच्या अंगावर जरा रया आली.

मग एका दुपारी बोंब झाली. गुरुजींच्या वडिलांनी वसमतहून मोठा रंगीत नकाशा पाठवला होता, महाराष्ट्राचा. शाळेत तेवढी एकच शोभेची वस्तू. शेळीनं दावं तोडलं आन् नकाशा खायला लागली! पुढं शेळी, मागं गुरुजी, त्यांच्या मागं लेकरं. पाळूवरचं काम थांबलं. धरली तेव्हा बहुतेक नकाशा तिच्या पोटात गेला होता, उरला तो तुकडा गुरुजींच्या हातात.

मला वाटलं, ह्या पोरानं आता हाय खाल्ली.

गुरुजी तुकड्याकडं बघत म्हणाले, "मराठवाडा गेला."

इब्राहिमभाईंनी विचारलं, "और क्या बचा?"

"कोकण."

मावशी म्हणाली, "शहाणी हाय माझी शेळी. जिथं पाऊस पडतो तेवढं ठेवलं!"

गुरुजी हसले. आल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून मुरमात बसले आन् डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यानंतर शाळेत "मराठवाडा कुठं आहे?" असं विचारलं की सगळी लेकरं एका आवाजात ओरडायची, "शेळीच्या पोटात!"

०

झोपेचंबी गुरुजींनी आपल्या मनानं ठरवून टाकलं. म्हणाले, पोरं पहाटेपासून राबतात, तर शाळेचा पहिला तास झोपेचा. पोत्यावर ओळीनं झोपवायचे आन् स्वतः माशा वारत बसायचे. लेकरं उठली की मग काय शिकायची, काय शिकायची!

एक दिवस न सांगता जीप आली. इन्स्पेक्टर साहेब! ताडपत्रीखाली बघतात तर अख्खी शाळा आडवी. साहेब कडाडले, "मास्तर! हा कुठला प्रकार?"

नोकरी गेली, असंच आमाला वाटलं.

तेवढ्यात कौसाची लेक, गोदी, पोत्यावरून उठली. एवढीशी पोरगी. ओठावर बोट ठेवून साहेबाला म्हणाली, "साहेब, हळू बोला ना. दुसरी आत्ताच झोपली हाय."

एवढा मोठा माणूस, आवाज बारीक करून विचारतो, "आणि पहिली?"

"पहिली मघाशीच झोपली. तुमी बसा."

साहेब बसले. गोदीनं त्यांना आपलं पोतं दिलं. आठवडाभर ह्या कॅम्पातून त्या कॅम्पात जीपनं हाडं खिळखिळी झालेली असणार. खांबाला टेकले, आन् थोड्या वेळानं घोरायला लागले! लेकरं उठली तरी बोटांवर चालून राहिली. गुरुजी साहेबांवरच्या माशा वारून राहिले.

साहेब जागे झाले, टोपी नीट केली, इकडं तिकडं बघितलं. म्हणाले, "शाळा व्यवस्थित चालू आहे." आन् जीपमध्ये जाऊन बसले.

०

उन्हाळ्याच्या शेवटाला कॅम्पात हगवण-ओकारीची साथ आली. पाणीच तसलं होतं. बाकीची लेकरं उठली. गोदी न्हाई उठली. बैलगाडीत घालून दवाखान्याकडं नेली, गुरुजी गाडीबरोबर चालत गेले. संध्याकाळच्या आत गाडी परत आली. पोरगी चादरीत.

गुरुजी रडले न्हाईत. माती दिली आन् आपल्या खोपटात गेले. थोड्या वेळानं शेळी सोडून आणली, मावशीच्या दाराशी बांधली. ट्रंकेला दोरी आवळली आन् दारात बसले.

मावशी म्हणाली, "आता थांबत न्हाई हे पोरगं. अडवू नका. लई झालं त्याला." लेकरं पाळूकडं बघत उभी होती. त्यांनाबी कळलं होतं.

आमच्याकडं मयताच्या घरची चूल पेटत न्हाई. शेजारचे भाकर नेतात आन् घरच्यांना बळंच पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घरच्या माणसांनाच द्यायचा असतो. आमी कौसाकडं भाकर-पिठलं घेऊन गेलो. ती तोंड उघडेना. मावशीनं लई सांगून बघितलं.

कौसानं एकाएकी विचारलं, "गुरुजींकडं कोण गेलं?"

मावशीनं भाकर खाली ठेवली.

"त्याह्यच्या घरी कोण गेलं भाकर घेऊन?"

कुणीच गेलं नव्हतं. कौसा उठली. डोक्यावर पदर घेतला, भाकर उचलली आन् चालायला लागली. आमी मागं. गुरुजी ट्रंकेजवळ बसलेले. ती त्यांच्या समोर मुरमात बसली, घास मोडला आन् त्यांच्या तोंडाशी धरला.

"घ्या गुरुजी. तुमच्याबी घरचं लेकरू गेलं."

गुरुजींनी घास घेतला. चावता चावता त्यांचा बांध फुटला. असं रडणं मी पुन्हा कुण्या गड्याचं ऐकलं न्हाई. रडत रडतच त्यांनी भाकर मोडली आन् कौसाला भरवली.

सकाळी फाट्याकडं जाणारी एसटी आली. गुरुजी रस्त्याच्या कडेला उभे, पायाजवळ ट्रंक, नजर कुठंतरी लांब. कंडक्टर दारातून ओरडला, "मास्तर, यायलाव का?"

गुरुजी काही बोलायच्या आत द्रुपदामावशी गाडीच्या आडवी! "न्हाई येत! त्यांच्या घरी सुतक हाय. सुतकात माणूस घर सोडून जात न्हाई."

आमच्या बौद्धांत सुतक पाळत न्हाईत. पण मावशीपुढं बोलायची टाप कुणाची!

कंडक्टर वरमला. "अरे राम! कोण गेलं?"

"लेक."

कंडक्टरनं गुरुजींना खालपासून वरपर्यंत बघितलं. "मास्तरचं लगीन तरी झालंय का?"

"तुला काय करायचं?" मावशी म्हणाली. "घंटी मार!"

कंडक्टरनं घंटी मारली.