शिकारीच्या सोमवारची सभा

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बर्निसचा शब्द शेवटचा. मी तिच्या शेजारी बटाटे सोलायची, म्हणून सांगते, बाई तोंडाने तिखट पण हात मोकळा. नेमबाजीतही पक्की. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत तिने दर हिवाळ्यात हरीण घरी आणलं होतं. त्यामुळे तिला बंदुकांचा राग आहे, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तिला राग होता तो जावयाचा. मुलगी रेने त्याचा मार खाऊन माहेरी आली. कोर्टाने त्याला बंदूक बाळगायला बंदी केली, तर पठ्ठ्याने दुकानाच्या वाहनतळावर एका अनोळखी माणसाकडून रायफल घेतली. ना विचारपूस, ना चौकशी. पेनसिल्व्हेनियात रायफल अशी हातोहात विकता येत होती. तेव्हापासून रेने दिवसाही पडदे ओढून बसायची.

ही पळवाट बंद करणारा कायदा यावा म्हणून बर्निसने गाव पिंजून काढलं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारच्या नाश्त्याला ती कढईपाशी उभी राहून ओरडली, "विकण्याआधी चौकशी व्हावी असं कुणाला वाटतं?" झाडून सगळे हात वर! शिकारीसुद्धा! नाही म्हणायला बंदुकांवर कसलाच निर्बंध नको म्हणणाऱ्या ड्वाइटचं टोळकं तेवढं कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलं होतं.

आमचा आमदार कर्टिस लहानपणी बर्निसच्या हातचं जेवलेला. म्हणाला, "मावशी, गावात सभा घेऊ. लोकांचं ऐकतो, मग मत ठरवतो. दिवस तू सांग."

"हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला सोमवार! शाळा, कारखाना, सगळं बंद. सगळे मोकळे."

तिचा नवरा एमिल चपापला. "अगं, बंद कशासाठी असतं ते विसरलीस का?"

"तीन तासांचा तर प्रश्न आहे! हरणं काय पळून जातायत?"

"हरणं पळूनच जातात, बर्निस."

पण तिला वर गेलेले हात दिसत होते ना! आणि सगळ्यांनी तोंडावर "येतो, येतो" म्हटलंही होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी सगळ्या गावाला पुरतील एवढे पिरोगी केले, बटाट्याचं सारण भरलेले.

सोमवारी हॉलमध्ये ड्वाइटचं टोळकं पहिल्या रांगेत. बाकी खुर्च्या रिकाम्या. रेने तेवढी आईचा हात घट्ट धरून बसली होती. गाव सगळं रानात! मला तर असा संताप आला!

ड्वाइट म्हणाला, "बर्निस, जन्मात पहिल्यांदा पहिला दिवस चुकवलाय मी. तुझा कायदा पाडायला." वर तिच्याच हातचे पिरोगी त्यांनी चाटूनपुसून खाल्ले.

कर्टिस तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, गाव तुझ्या बाजूने आहे, कळतं मला. पण तुझी माणसं मत देताना शंभर गोष्टी बघतात. ही माणसं ही एकच गोष्ट बघतात. रोज फोन करतात. वसंतात पक्षाचा उमेदवार लोकांच्या मतदानाने ठरतो, तेव्हा मत द्यायला हीच येतात. मी यांना दुखवलं तर घरी बसेन."

"आणि माझी रेने घरी बसलीच आहे, त्याचं काय?"

कर्टिसने कोट चढवला नि तो निघाला. कायदा विधानसभेच्या समितीतच पडून राहणार, हे उघड झालं.

संध्याकाळी एमिल मित्रांसकट घरी आला, गाडीवर मोठं शिंगाळं हरीण. खुशीत भांड्याचं झाकण उचललं. "हे काय, एकही नाही?"

"जे आले त्यांना वाढले."

"बरं, कायद्याचं काय झालं? आपण सगळे तर बाजूनेच होतो!"

"होतात ना. रानात मचाणावर बसून!"

सगळे हसले. एमिलही हसला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि रेने दचकून खिडकीपासून मागे सरली. दुसरं कुणी नव्हतं, शेजारीच होता. पण एमिलचं हसू जागीच विरलं. त्याने टोपी काढली, मित्रांकडे बघितलं.

"कर्टिसचा नंबर दे," तो बर्निसला म्हणाला. "आणि उद्या मी रानात जाणार नाही. तुम्हीही कुणी जायचं नाही. आधी फोन करायचा."

मित्रांमध्ये चुळबुळ झाली. मोसमाचा दुसराच दिवस तो! बर्निसने कणकेचं भांडं पुढे ओढलं.

"उद्या जो फोन करेल, त्याला वाढीन," ती म्हणाली.