आधी सह्या, नियम नंतर

शनिवारी सकाळी सहाला न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर सोडलं तेव्हा गाडीत तिघं होतो. स्टिअरिंगवर माझी मुलगी केतकी, शेजारी मी, मागे अकरा वर्षांची नात इरा. जावई अमेय ऑफिसच्या कामामुळे घरीच राहिला. मी अमेरिकेत कायमचं राहायचं की नाही, हा न सुटलेला प्रश्न मात्र बरोबर आला होता.

दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून केतकीचं "बाबा, आता इकडेच या" चालू होतं. मी आलो, पण बारा अटी टाइप करून. पुण्यात वीस वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो; अटींशिवाय मला सुचत नाही. आदल्या दिवशी केतकीनेही स्वतःची यादी माझ्या हातात ठेवली. जेवताना टीव्हीवर बातम्या नकोत, हे तिचं पहिलं कलम. माझं परतीचं तिकीट दहा दिवसांवर होतं. कनेटिकट येईपर्यंत आम्ही दोघं एकेका कलमावर वाद घालत होतो.

"आर यू गाईज फायटिंग?" मागून इराने विचारलं.

"नाही गं, निगोशिएट करतोय," केतकी म्हणाली.

पाच तासांचा रस्ता ट्रॅफिकने सात तासांचा केला. प्लिमथ हे मॅसॅच्युसेट्समधलं समुद्रकाठचं नीटनेटकं गाव. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी जिथे पाऊल ठेवलं म्हणतात, तो खडक इथे आहे. मी भव्य कातळ शोधत सरळ पुढे निघून गेलो. इराने हाका मारून परत आणलं. उंच दगडी खांबांचा मंडप, त्याखाली कठडा, आणि कठड्यातून वाकून पाहिलं की खाली वाळूत एक धोंडा.

"दॅट्स इट?" इरा म्हणाली. प्रवासात पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

जेवायला क्लॅम चाउडर (तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं दुधातलं दाट सूप) मागवलं. पहिल्या घासाला मी "छान" म्हणालो. चेहरा वेगळं बोलला असावा. केतकीने पर्समधून लसणीच्या चटणीची पुडी काढून माझ्यापुढे सरकवली. असं काही दोन्ही याद्यांत नव्हतं.

बंदरात त्या वसाहतकऱ्यांच्या जहाजाची प्रतिकृती आहे. आत शिरताना तुळईला डोकं आपटलं, वळताना पुन्हा. जुन्या काळची पांढरी टोपी घातलेली एक वयस्कर बाई माहिती देत होती. या लोकांना परवानगी होती दुसऱ्याच मुलखाची; जहाज भलतीकडे पोहोचलं. तेव्हा काही जण म्हणाले, इथे आमच्यावर कोणाचीच सत्ता नाही, आम्ही हवं ते करू. असे सभासद मला चांगले ठाऊक आहेत. म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजातच करार झाला आणि एक्केचाळीस पुरुषांनी सह्या केल्या.

"आणि बायका?" केतकीने विचारलं.

"त्या आजारी माणसं आणि मुलं सांभाळत होत्या," बाई म्हणाली. "ज्यांची ही जमीन होती, त्यांनाही कोणी विचारलं नाही."

"मूळ कागद कुठे आहे?" मी विचारलं.

"हरवला. नकला आहेत."

माझ्यातल्या सेक्रेटरीला मनापासून बरं वाटलं; मूळ कागद हरवणारी आमची सोसायटी एकटी नव्हती. तिने दिलेली नक्कल मी चष्मा पुसून दोनदा वाचली. "यात कलमं कुठायत?"

"एकही नाही. वेळोवेळी जे न्याय्य कायदे करू ते पाळू, एवढंच. हिवाळा तोंडावर होता. कलमं लिहीत बसले असते, तर जहाजातच राहिले असते."

वेळोवेळी! आमच्या सोसायटीच्या अर्जात हाच शब्द होता: संस्थेने वेळोवेळी केलेले नियम मला मान्य राहतील. वीस वर्षं त्याखाली बोट ठेवून मी "इथे सही करा" म्हणत आलो. सभासदांना बांधून ठेवायची ती सोय आहे, असा माझा समज होता. समोरच्या माणसावर भरवसा टाकल्याशिवाय तिथे सही करता येत नाही, हे त्या बुटक्या छताखाली वाकून उभा असताना लक्षात आलं.

"बाबा," केतकी हळूच म्हणाली, "लग्नात आईने तुमच्याकडून काय लिहून घेतलं होतं?"

"काही नाही."

"मग चाललंच ना?"

"तिने चालवलं."

केतकी हसली, मग दुसरीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "राहतो मी. तिकीट कॅन्सल कर."

"आणि अटी?"

"करू की. वेळोवेळी."

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. जेवणं होताच इराने टेबलावर चमचा आपटून सभा भरवली. "फर्स्ट लॉ. आजोबा हॅज टू लोड द डिशवॉशर."

मी कडाडून विरोध केला. अमेयने हसत हात वर केला, केतकीने दोन्ही. तिचं एकच मत धरूनही ठराव तीन विरुद्ध एक असा मंजूर झाला.

गेली दोन वर्षं पुण्याच्या घरात सगळं एकमताने ठरत होतं. मत देणारा मी एकटाच होतो. इथे पहिल्याच मतदानात पडलो. मी ताटल्या उलट्या लावत होतो, केतकी मागून एकेक सुलट करत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.