मुरल्याचा अर्धा अंगठा

टी-शर्ट छापणाऱ्याकडं दोन गोष्टींचा ढीग लागतो बघा. एक रंग पुसायच्या चिंध्यांचा, दुसरा किश्श्यांचा. चिंध्या शेठ जाळायला लावतो. किस्से कुठं जाळणार? म्हनून सांगतो. चहा सांगा तवर.

*

नाशकात सातपूरला शेठचं दुकान. छापायला मी आन मुरल्या. मुरल्या नांदगावचा. एक गिऱ्हाईक आलं, गणपती मंडळाचं. इकडं बघतं, तिकडं बघतं. "नाना, मशीन कुठंय?"

मी मुरल्याकडं बोट केलं. "ही काय! चहावर चालते. बिडी टाकली की जोरात पळते!"

मुरल्या लगेच तोंडानं घर्रर्र करून दाखवायला लागला!

*

आता काम कसं, तर चौकटीला बारीक जाळी ताणलेली. नक्षी तेवढी उघडी, बाकी जाळी बंद. मुरल्या फळीवर टी-शर्ट चढवायचा, मी चौकट टेकवून रबरी पट्टीनं रंग ओढायचो. चौकट उचलली की मुरल्या टी-शर्ट उतरवायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याचं टोक लहानपणी कडबाकुट्टीत गेलेलं. तो अर्धा अंगठा कायम रंगात! टी-शर्ट उतरवताना खालच्या शिवलेल्या घडीत, आतून, हरभऱ्याच्या डाळीएवढा ठसा उठायचाच.

शेठ बोंबलायचा, "मुरली, हात पूस रे!"

मुरल्या म्हणायचा, "शेठ, आत कोन बघतंय? वरून देव दिसतो ना, झालं!"

*

लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांची क्रिकेट टीम होती. छातीवर कांदा पायजे म्हनले. दोन रंग. पहिला गुलाबी, वाळला की वरून काळ्या रेघा. मी नेमका मुरल्याला गुदगुल्या केल्या, फळी सरकली. सगळ्या रेघा कांद्याच्या बाहेर! शेठचं तोंड कांद्याहून लाल.

कॅप्टन आला, टी-शर्ट लांब धरून बघत बसला. आम्ही दोघं भिंतीला चिकटलेलो. तर म्हनतो कसा, "वा! कांदा फिरतोय! याला म्हनायचं स्पिन!"

पुढच्या साली परत आला. "तसाच हलता कांदा पायजे." आता तो मुद्दाम हलवायचा कसा, सांगा!

*

मुरल्या जेवून पालथा झोपायचा. एकदा लग्नाची ऑर्डर चालू होती. 'नवरदेव'ची चौकट हातात, मुरल्याची पाठ समोर. हात राहतोय व्हय! हळूच टेकवली, पट्टी ओढली. असा सुरेख उठला!

गडी तसाच भाजीबाजारात गेला. बायका हसत्यात, कोन हळद विचारतंय, कोन हुंडा. घरी गेला तर वहिनी दारात. पाठ बघून म्हनल्या, "जा, मांडवात जा! तिकडं कुनी ठेवून घेतलं तर बरंच हाय!"

दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेत आतून चिकट रंग. संध्याकाळपर्यंत पाय निघंना! चहा मात्र त्यानं पाजला.

*

मग वहिनी गेल्या. मुरल्याचा हात थरथरायला लागला. पोरगी सुरतेहून आली, म्हनली, "बाबा, आता काम बंद. माझ्याकडं चला."

जाताना त्यानं फळीवर हात फिरवला. मी म्हनलं, "मुरल्या, तिकडं काय करशील?"

"बसंन."

"तुला बसता येतं व्हय रे?"

रिक्षात बसला. थोडे दिवस फोन लागला, मग नंबरच बंद. पोरीचा नंबर आमच्याकडं नाय. हाय का गेला, काय कळायला मार्ग नाय.

आता शेठनं कंप्युटरवालं मशीन आणलंय. फोटो टाकला की टी-शर्ट बाहेर. स्वच्छ काम, डाग नाय. पन त्याला गुदगुल्या करून काय उपयोग?

तवापासून मला खोड लागली. कुनाच्या अंगात छापील टी-शर्ट दिसला की खालची घडी उलटून बघायची. बस स्टँडवर एकजण ओरडला, "ओ काका, खिसा वर हाय!"

*

यंदा चैत्रात वणीला बहिणीकडं गेलतो. देवीच्या गडावर यात्रेला जाणारी पायी माणसं रस्त्यानं चाललेली. एक घोळका बहिणीच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकला. सगळ्यांचे भगवे टी-शर्ट, छातीवर देवी. कोरे करकरीत.

मी ओळखलं, हे मशीनचं काम नाय. हाताची ओढ हाय.

"कुठले रे तुम्ही?"

एक पोरगा अहिराणीत म्हनला, "सुरतना, बाबा. यात्रेसाठीच छापी लिधात."

मी सरळ त्याच्या टी-शर्टाची घडी उलटली. तो दचकला. शेजारच्याची उलटली. मग तिसऱ्याची. बहीण आतून ओरडतीय, "नाना, लोकांचे कपडे काय ओढतोस!"

तो पोरगा घडीत वाकून बघायला लागला. "डाग शे बाबा. समदासले शे. नवा कपडा, तरी बी."

मी त्यावर बोट ठेवलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा. जरा थरथरलेला.

म्हनलं, "मेल्यानं अजून हात पुसला नाय!"