पिवळा खांब ओलांडला की

तीन तळी एकमेकांना लागून. थोरलं, मधलं आणि धाकटं. थोरल्याचं तोंड एका बाजूनं समुद्राला लागलेलं, धाकट्याचं दुसऱ्या बाजूनं, आणि मधलं बिचारं दोघांच्या ओढाताणीत. काठावरून बघाल तर सगळं पाणी सारखंच, परातीत ओतल्यासारखं. पण बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी आणि त्याखाली कंबरभर गाळ. होडी चालेल एवढं खोल पाणी एका अरुंद वाटेपुरतं, आणि ती वाट दाखवायला दोन्ही अंगांना खांब. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवे.

या खांबांची शिकवणी घेणाऱ्या माणसाला सगळे खांबमास्तर म्हणत. शाळेच्या मास्तरांना नसतील इतके विद्यार्थी या माणसाच्या हाताखालून गेले, फक्त प्रत्येक जण अर्ध्या तासापुरता. सुट्टीला आलेली माणसं इंजिनाची होडी दिवसभरासाठी घेत. होडी देण्याआधी मास्तरांचा धडा ऐकणं सक्तीचं. लाईफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, होडीत उभं का राहायचं नाही, रुतलात तर खाली का उतरायचं नाही, वायरलेसवर काय बोलायचं. आणि शेवटी, भिंतीवर रंगवलेल्या नकाशापुढं उभं राहून, खांब.

मेख खांबांतच होती. समुद्राकडून आत येताना लाल खांब उजव्या हाताला ठेवायचा, हा नियम. पण इथं समुद्र दोन. थोरल्या तळ्यातून निघालात तर मधल्यापर्यंत तुम्ही आत येत असता, आणि तिथून पुढं धाकट्याकडं गेलात की न वळताच बाहेर जायला लागता. म्हणून मधल्या तळ्याच्या पोटात एक पिवळा खांब होता. तो ओलांडला की लाल खांब डाव्या हाताला घ्यायचा. परतीच्या वाटेवरही तसंच. शिकलेसवरलेले लोकही इथं हमखास गोंधळत. मास्तरांनी त्यावर स्वतःच्या डोक्यानं उपाय काढला होता. सुकाणू धरणाऱ्याच्या उजव्या मनगटावर ते लाल कापडाची पट्टी बांधत आणि सांगत, "पट्टी ज्या हाताला, त्या हाताला लाल खांब. पिवळा खांब ओलांडला की हात बदला. पट्टी सोडा, डाव्या हाताला बांधा. डोकं वापरू नका, मनगट बघा."

बावीस वर्षं. दिवसाला दहा वेळा. वाक्यं इतकी अंगवळणी पडली होती की तोंड बोलायचं आणि मास्तरांचं मन दुसरीकडं असायचं.

दुसरीकडं म्हणजे घरी. होड्या देणाऱ्या सरकारी कचेरीमागच्या दोन खोल्या तळ्याला इतक्या चिकटून होत्या की भिंतीला पाठ टेकली तर सदरा ओला व्हावा. मीठ बरणीत पाझरायचं, काडेपेटी उशीखाली ठेवावी लागायची. त्या ओलीत मास्तरांच्या बायकोला दमा जडला. अकरा वर्षं तिची छाती बिजागरी गंजलेल्या दारासारखी वाजत होती. डॉक्टरांनी औषधाबरोबर दरवेळी तेच सांगितलं, "कोरड्या हवेत न्या." कोरडी हवा त्यांच्या लेकीच्या गावाला होती. सहा तासांवर. तिथं कचेरीचं कोठार होतं, आणि कोठारावर एक जागा. मास्तरांनी बदलीसाठी तीनदा अर्ज केला. दोनदा उत्तर आलं की बदली माणूस मिळत नाही. तिसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. बायको म्हणाली होती, "तुम्ही जगाला वाट दाखवता आणि आपल्याला दारातून बाहेर पडता येईना!"

आणि चौथ्या खेपेला गाडं हललं. महिनाभरात माणूस येणार असं कळलं, तो आलाही. सामान टेम्पोनं पुढं गेलं. घरात उरली एक चटई, दोन उशा, दोन पिशव्या, एक स्टोव्ह आणि बायको.

त्या सकाळी मास्तर सात नंबरच्या होडीची शिकवणी घेत होते. चौघं जण होते. सासरे, सासू, त्यांची लेक आणि जावई. जावई सुकाणू धरणार होता, आणि ते सासऱ्यांना पसंत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"नीट ऐक बाबा," सासरे म्हणाले. "घरात नळ बंद करायचा तरी दोनदा उलटा फिरवतोस."

जावई कसनुसा हसला. मास्तरांनी त्याच्या मनगटावर पट्टी बांधली. "पट्टी ज्या हाताला, त्या हाताला लाल खांब," ते म्हणाले, आणि तेवढ्यात कचेरीचे साहेब दारात आले.

"मास्तर, आला हो तुमचा कागद! पाच वाजता सही करून घेऊन जा. सुटलात!"

मास्तर दारापर्यंत गेले. साहेबांचा हात हातात घेतला, दोन शब्द बोलले, वळले. भिंतीपाशी आले आणि तोंडानं जिथून धागा उचलायचा तिथून न उचलता एक वाक्य पुढून उचलला. "डोकं वापरू नका, मनगट बघा. करा सही."

जावयानं 'सर्व सूचना समजल्या' या ओळीखाली सही केली. होडी गेली.

दुपारी पुढच्या गिऱ्हाइकाला पट्टी बांधताना मास्तरांचा हात पिवळ्या खांबाच्या वाक्याशी आला आणि थबकला. सकाळी आपण हे बोललो का? बोललोच असणार. बावीस वर्षांत कधी राहिलं नाही. पण सकाळचं ते वाक्य त्यांना आपल्या आवाजात ऐकू येईना. ते आठवायला लागले तसतसा साहेबांचा 'सुटलात' तेवढा कानात वाजत राहिला. तेवढ्यात वायरलेस खरखरला. सात नंबर. पिवळ्या खांबाच्या पलीकडं, गाळात.

मास्तरांनी लहान होडी काढली. नव्या माणसाला सांगितलं की बाकीच्या होड्या परत बोलवून घे, ओहोटी लागलीय. अर्ध्या तासात ते पोचले. सात नंबर वाटेपासून दोनशे हात बाहेर, चिखलात तिरकी बसलेली. लाल खांब तिच्या उजव्या अंगाला. अगदी शिकवल्याबरहुकूम.

सासरे एक पाय होडीच्या काठावर टाकून उतरायच्या बेतात होते. "ढकलतो जरा. गुडघाभर तर पाणी आहे."

"पाय आत घ्या!" मास्तर ओरडले. "गुडघाभर पाणी, पण तळ कुठंय? एकदा पाय गेला की क्रेन लावावी लागेल!"

त्यांनी होडी भिडवली, उडी मारून सात नंबरमध्ये आले आणि सासऱ्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. त्या गडबडीत त्यांची स्वतःची होडी हातभर आत सरकली आणि इंजिनाचा पंखा गाळात गेला. पाणी तर डोळ्यांदेखत उतरत होतं. दोरी लावून पाहिली, वल्ह्यानं रेटून पाहिलं. काही नाही. मास्तरांनी नांगर टाकला, सगळ्यांची जॅकेटं पुन्हा आवळली आणि कचेरीला कळवलं. माणसं सुखरूप, होड्या दोन, भरती येईपर्यंत थांबतो.

"म्हणजे किती वेळ?" लेकीनं विचारलं.

"चार तास. साडेसहाला तरंगू."

मग ती पाच माणसं एका होडीत बसून राहिली. चहूकडं चिखल उघडा पडत गेला, चकाकणारा, वास मारणारा. वर सावलीला ढगाचा तुकडा नाही. हलायला जागा नाही, पाय लांब करायचा तर दुसऱ्याच्या मांडीवर. आणि सासऱ्यांना तर बोलायला आयता वेळ.

"जामात म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात," ते म्हणाले. "आमच्या पत्रिकेत तो गाळाच्या घरात बसलाय."

सासू हसत म्हणाली, "अहो पुरे."

"पुरे काय? याला रंग कळत नाहीत का, एवढंच विचारतो. सिग्नलला काय करतो मग हा?"

"मी बरोबर चाललो होतो," जावई म्हणाला. "उजवीकडंच होता लाल."

"बरोबर चालणारा माणूस असा बसतो होय?"

जावई मनगटावरची पट्टी बघत राहिला. मास्तरही तीच बघत होते. ती अजून उजव्या हाताला होती, सकाळी त्यांनी स्वतः मारलेल्या गाठीसकट. कोणी न सांगितल्यामुळं न सोडलेली गाठ.

जावई हळूच मास्तरांकडं वळला. "तुम्ही सांगितलं असणार. माझंच लक्ष नसेल. आमच्यात सकाळी जरा बोलणं झालं होतं."

मास्तरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली का नाही म्हणून, ते जावयालाही कळलं नाही आणि मास्तरांनाही ठरवायचं नव्हतं. हात असा दगडाखाली सापडला होता की हलवला तरी दुखावं, ठेवला तरी दुखावं. सही कागदावर होती. वाक्य राहिलं हे जगात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. शिकवणाऱ्याची चूक निघाली तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत जागा सोडता येत नाही, हा कचेरीचा नियम. चौकशी इथं दोन-दोन वर्षं चालते. कोठाराची जागा तोवर कोण अडवून ठेवतो? मास्तरांच्या कानात चिखलाच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता, आणि तो त्यांना घरातल्या श्वासासारखा वाटत होता.

तास गेला. दुसरा गेला. सासऱ्यांनी जावयाचं नळापासून नोकरीपर्यंत सगळं काढलं. सुरुवातीला सासू हसत होती, मग तीही हसायची थांबली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो खाणारे त्या होडीत दोघं होते, पण दिसत एकच होता.

पाचच्या सुमाराला वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. एकाच होडीत अडकलेली पाच माणसं तो ऐकणारच होती. "मास्तर, तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे, सकाळी न्या. फक्त अपघाताचा तक्ता भरायचाय. गिऱ्हाइकाची चूक असं लिहून टाकतो, सही आहेच. बरोबर ना?"

मास्तरांनी बटण दाबलं नाही.

"ऐकलंस?" सासरे जावयाला म्हणाले. "आता सरकारदरबारी नोंद."

आणि मग इतका वेळ गप्प असलेली लेक बोलली. नवऱ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत. "बाबा म्हणत होते तेच खरं. तुझ्या भरवशावर कुठं निघायचंच नाही."

जावयाचा चेहरा असा झाला की मास्तरांना बघवेना. थट्टा होती तोवर ठीक होतं. ती संपली होती. मास्तर पुढं सरकले, जावयाचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पट्टीची गाठ सोडायला लागले. ओली गाठ लवकर सुटेना. दातानं सोडवली.

"ही पट्टी पिवळ्या खांबाशी डाव्या हाताला घ्यायची असते," ते म्हणाले. "तिथून रंग फिरतात. सकाळी तेवढं वाक्य माझ्याकडून राहिलं. यांनी ऐकलं ते सगळं बरोबर केलं."

मग बटण दाबून साहेबांनाही तेच सांगितलं, जसंच्या तसं.

वायरलेस खरखरला. "मास्तर," साहेब म्हणाले, "नीट विचार करून बोलताय ना? मी अजून लिहिलेलं नाही."

"लिहा."

होडीत आता कुणी वाहवा करेल, हात जोडेल, असं काही झालं नाही. सासरे पाण्यात थुंकले. "मग इतका वेळ का गप्प बसलात हो? आम्ही इथं याचं पार वस्त्रहरण केलं!"

जावई मनगट चोळत होता. पट्टीखाली पांढरा वळ उमटला होता. "मी अडीच तास ऐकून घेतलं," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसला होता." बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही, पण तिच्याकडं वळलाही नाही.

साडेसहाला होड्या हलल्या. धक्क्याला लागल्यावर सासूनं तेवढं म्हटलं, "येतो आम्ही."

साहेबांनी कागद टेबलाच्या खणात टाकला होता. "बदली थांबली. नव्या माणसाला कोठारावर पाठवतो, ती जागा रिकामी ठेवता येत नाही. चौकशी होईपर्यंत तुम्ही इथंच. मास्तर, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

घरी बायको चटईवर भिंतीपासून हातभर दूर बसली होती. मास्तरांनी पायताण काढलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मधे दोनदा श्वास लागला, तेव्हा त्यांनी बोलणं थांबवलं, तिनं हातानं 'पुढं' अशी खूण केली.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

"खोटं बोलला असतात तर मला पचलं असतं," ती म्हणाली. "सांगून ठेवते. नाहीतर तुम्हाला वाटेल ही मनातून खूश आहे."

"रागव."

"रागवायला छातीत हवा लागते." तिनं दोन पिशव्या पुढं ओढल्या, आपले कपडे एकीत, त्यांचे दुसरीत असे वेगळे करायला लागली. मास्तर बघत राहिले.

"हे काय?"

"सकाळच्या गाडीनं जाते मी. लेकीकडं. तुमच्या खऱ्याची किंमत तुम्ही मोजा, माझ्या फुफ्फुसातून नको. अकरा वर्षं मी तुमच्याबरोबर अडकले. आता एकाचा तरी पाय निघतोय तर काढू दे."

"आणि मी?"

"चटई ठेवून जाते. उशी, स्टोव्हही. डाळ भिजवता येते का तुम्हाला?"

"येईल."

"येत नाही. आदल्या रात्री भिजवायची असते, विसराल." तिनं औषधाची बाटली आपल्या पिशवीत टाकली, चेन ओढली. ओढता ओढता खोकला आला. मास्तर पाणी घेऊन आले. तिनं घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर भांडं परत देताना तिनं त्यांचा हात क्षणभर धरला, का नुसता आधाराला टेकला, कोण जाणे.

सकाळी गाडी वेळेवर आली. तिनं खिडकीची जागा धरली आणि काच पूर्ण खाली केली. मास्तर खाली उभे होते. गाडी सुटेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. सुटल्यावर मात्र मान बाहेर काढून ओरडली, "काडेपेटी उशीखाली!"